मोटारमुक्त गावातल्या एक्केचाळीस मोटारी

कार्यशाळेला गेलेला माणूस परत येताना साधारणपणे एक कापडी पिशवी, एक प्रमाणपत्र आणि थोडे पित्त घेऊन येतो. प्राध्यापक कल्याणराव वायाळ यांनी विषयही सोबत आणला आणि तिथेच सगळे बिघडले.

विषय होता ‘फौजदारी निर्णयांना संशोधनाचा आधार’. गस्त कुठे घालावी, कोणाला समज देऊन सोडावे, कोणाला गावाबाहेर काढावे, हे ठरवण्यापूर्वी शहाणी माणसे आकडेवारी पाहतात, असे तिथे तीन दिवस सांगण्यात आले. कल्याणराव तीस वर्षे संख्याशास्त्र शिकवत होते. या तीस वर्षांत त्यांच्या शास्त्राचा कोणाला उपयोग झाल्याची नोंद नव्हती. आता तो होणार, या भावनेने ते एस.टी.तून उतरले.

जालना जिल्ह्यातले हे गाव मंठ्याच्या बाजूला आहे की वडीगोद्रीच्या, याचा शोध वाचकांनी घेऊ नये. पालिकेने ते ‘मोटारमुक्त’ जाहीर केले असून चौकात तसा फलक आहे, एवढी ओळख पुरे. इथे मोटार म्हणजे चार चाकांची नव्हे, नळाचे पाणी ओढणारी. नळाला पाणी आठ दिवसांआड, तासभर येते आणि तेही रुसलेल्या जावयासारखे उंबऱ्याशीच थांबते. मोटार लावल्याशिवाय ते घरात येत नाही. नळाला मोटार लावणे बेकायदा आहे. म्हणून गावात कोणाकडेही मोटार नाही आणि सगळ्यांच्या गच्चीवरच्या टाक्या भरलेल्या आहेत.

कल्याणराव परतले त्याच संध्याकाळी झेंडा गल्लीच्या सुरक्षा समितीची बैठक होती. समितीचे अध्यक्ष गिरधारीलाल यांचे बियाण्यांचे दुकान. दुकानाच्या माडीवर पोत्यांना टेकून समिती बसली. विषय एकच : भारतला तडीपार करणे. गल्लीच्या तोंडाशी भारतचे मोटार दुरुस्तीचे दुकान होते. वीस वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांचा असताना, त्याने एका विहिरीवरची मोटार चोरली होती आणि त्याची शिक्षाही भोगली होती. कायद्याने तो हिशेब मिटवला होता, पण गल्लीने नव्हता. गेल्या काही महिन्यांत गल्लीतून मोटारी नाहीशा होऊ लागल्यावर कोणाला विचार करण्याचे कष्ट पडले नाहीत. पोलिसांनी प्रस्ताव पाठवला होता. पंधरा दिवसांनी प्रांत मॅडमसमोर सुनावणी होती. समितीने फक्त पाठिंब्याच्या पत्रावर सह्या करायच्या होत्या.

कागद कल्याणरावांपर्यंत आला. ते उभे राहिले.

“पुरावा काय?”

माडीवरच्या सगळ्यांनी असे पाहिले, की जणू कोणी जेवणाच्या पंगतीत आमटीची पाककृती विचारली.

“प्रोफेसरसाब,” गिरधारीलाल म्हणाले, “समदी गल्ली सांगून राह्यली, आनखी पुरावा काय पायजे? त्याच्या दुकानात जाऊन बघा. मोटारीच मोटारी!”

“त्याचा धंदाच मोटारी दुरुस्तीचा आहे.”

“वोही तो! मोटारी चोरायला याच्यापेक्षा बराबर धंदा दुसरा कोनता?”

कल्याणरावांनी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी ते प्रांत कार्यालयात गेले. मॅडम नुकत्याच रुजू झालेल्या, वयाने तरुण. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

“सर, सुनावणीच्या दिवशी तुमचा अभ्यास जरूर मांडा. पण मतं नकोत. दोन्ही बाजूंची मतं माझ्याकडे टोपलीभर आहेत.”

बाहेर बाकावर भारत नोटीस घेऊन बसला होता. तो उठून उभा राहिला.

“सर, दोन वर्षं जिल्ह्याच्या भायेर काढलं तर दुकान गेलंच समजा. पोरगी दहावीला हाय. तुम्ही काय ते गणित करा, पण जल्दी करा. आन् सर, ते ‘बाकी शून्य’ येऊ देऊ नका.”

शून्य मात्र पहिल्याच पायरीवर आले. पोलीस ठाण्यात हवालदार रामराव यांनी नोंदवही उघडून दाखवली. गेल्या वर्षभरात मोटार चोरीच्या तक्रारी : शून्य.

“एकही नाही?”

“न्हाई सर.”

“मग तडीपारीचा प्रस्ताव कशावर केला?”

रामरावांनी सौम्यपणे पाहिले, जसे कल्याणराव स्वतः मागच्या बाकावरच्या मुलाकडे पाहत. “सर, येवढ्या मोटारी गेल्या आन् एक बी मानूस तक्रार द्यायला आला न्हाई. म्हंजे लोक किती घाबरलेत, बघा! कायद्यात तसंच लिवलंय. साक्षीदार भीतीनं पुढं येत न्हाईत. मंग तडीपार.”

“म्हणजे तक्रारी आल्या असत्या, तर तो दोषी ठरला असता?”

“बिलकुल.”

“आणि आल्या नाहीत, म्हणून तो जास्त दोषी?”

“आता बराबर समजलं तुम्हाला,” रामराव म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

लोक भीतीने गप्प होते, हे खरेच होते. पण भीती भारतची नव्हती. मोटार चोरीला गेली असे सांगायचे, तर आधी मोटार होती असे सांगावे लागते. आणि गाव मोटारमुक्त होते.

कल्याणरावांनी मग घरोघर पाहणी सुरू केली. चौसष्ट घरे, छापील प्रश्नावली, खिशाला दोन पेन. पहिला प्रश्न : आपल्याकडे मोटार होती का? चौसष्ट घरांनी ‘नाही’ सांगितले. काहींनी इतक्या मोठ्याने सांगितले की बाहेरच्या झाकलेल्या खड्ड्यात चालू असलेल्या मोटारीचा आवाज ऐकू येऊ नये. पण शेजाऱ्यांबद्दल विचारले की लोक मोकळे होत. “आमच्याकडं न्हाई हो, पन राधेश्यामच्या दोन गेल्या.” राधेश्याम सांगत, “आमची कशाची? समोरच्यांच्या गेल्या.” बेरीज केल्यावर चित्र असे दिसले, की गल्लीत मोटार एकही नव्हती आणि त्यातल्या एकशे सात चोरीला गेल्या होत्या.

दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. पण नाजूक प्रश्नांची खरी उत्तरे काढण्याची एक युक्ती संख्याशास्त्रात आहे आणि कल्याणरावांना ती येत होती, हे त्यांचे दुर्दैव. त्यांनी एक चिंचोका घेतला आणि पट खेळताना घासतात तसा एका बाजूने घासून पांढरा केला. माणसाने तो ओंजळीत गुपचूप टाकून पाहायचा. काळी बाजू पडली, तर खरेखोटे काही असो, ‘होय’ म्हणायचे. पांढरी पडली, तर खरे उत्तर द्यायचे. ‘होय’ म्हणणारा खरोखर मोटारवाला आहे की चिंचोकावाला, हे कोणालाच कळणार नाही. पण एकूण ‘होय’ मोजून मोटारींचा अंदाज मात्र निघेल.

हे त्यांनी गिरधारीलाल यांना तीनदा समजावले.

“म्हंजे खोटं बोललो तरी चालंल?”

“काळी पडली तर चालेल.”

“आन् पांढरी पडली तर?”

“तर खरं बोलायचं.”

“प्रोफेसरसाब,” गिरधारीलाल दुखावून म्हणाले, “आमी काय चिंचोक्याला विचारून खरं बोलनारी मानसं वाटलो का?” त्यांनी चिंचोका ओंजळीत हलवला, डोकावून पाहिले आणि म्हणाले, “न्हाई.” त्यांच्या पत्नी लाडबाई यांनी तो आधी देवापुढे ठेवला, मग डोळे मिटून टाकला आणि मग “न्हाई” म्हणाल्या. चौसष्ट घरांत कोणालाही ‘होय’ म्हणण्याचा धोका पत्करावासा वाटला नाही. निम्म्यांची काळी बाजू पडली असे धरले तरी बत्तीस ‘होय’ यायला हवे होते; आला एकही नाही. कल्याणरावांनी सूत्रात आकडे घातले. उत्तर निर्विवाद होते : झेंडा गल्लीत उणे चौसष्ट मोटारी होत्या.

हा आकडा पचवायलाही त्यांना सवड मिळाली नाही. प्राध्यापक घरोघर जाऊन चिंचोके टाकून चोर सांगतात, ही बातमी तोवर आठवडी बाजारात पोचली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या ओट्यावर वडीगोद्रीकडचे एक कुटुंब हरवलेल्या शेळीसाठी बसलेले आढळले. पाठोपाठ मंठ्याहून एक गृहस्थ मुलीच्या लग्नाचा योग विचारायला आले. कल्याणरावांनी त्यांना नमुना निवडीचा सिद्धांत ऐकवला. गृहस्थांनी तो हात जोडून ऐकला, संस्कृत समजून, आणि ओट्यावर नारळ ठेवून गेले.

सायंकाळी रामराव आले. ते आज बसले नाहीत.

“सर, तुमच्यावर अर्ज हाय. भोंदूगिरीचा. जादूटोणा कायद्याखाली.”

“माझ्यावर?” कल्याणरावांनी तीन वेळा विज्ञान मंडळाचे अध्यक्षपद भूषवले होते. “पुरावा काय?”

रामरावांची नजर ओट्यावर गेली. तिथे अकरा नारळ होते.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. प्राचार्यांनी लेखी खुलासा मागवला. खुलाशात सूत्र लिहावे तर ते मंत्रासारखे दिसत होते. सुनावणीला दोन दिवस उरले होते. कल्याणराव अंगणात खुर्चीवर बसले. समोर उणे चौसष्टचा कागद होता आणि डोळ्यांपुढे बाकावरून उठून उभा राहिलेला भारत. आपल्या शास्त्राचा पहिला उपयोग व्हायच्या वेळीच एक माणूस घराबाहेर काढला जाणार, हा विचार त्यांना सहन होईना.

त्यांच्या पत्नी पुष्पाबाई गच्चीवरून कुरडयांचे ताट घेऊन उतरल्या. दुपारभर गल्लीतल्या बायका वर कुरडया घालत होत्या.

“हे घ्या,” म्हणत त्यांनी एक कागद पुढे केला. पीठ लागलेला, पालकच्या वहीतून फाडलेला. पालक ही गिरधारीलाल यांची नात. “एक्केचाळीस हायेत. कोणाची कवा गेली, समदं लिवलंय. तुम्हाला तारखा लागत्यात ना? कोणाला संकष्टी आठवली, कोणाला पालकचा निकाल. मी कॅलेंडर लावून बसवल्या.”

कल्याणरावांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. “तुला कसं सांगितलं त्यांनी?”

“मी इच्यारलं.”

संशोधनाच्या या पद्धतीबद्दल कार्यशाळेत काही सांगितलेले नव्हते. कल्याणरावांनी तारखा मांडल्या. एक्केचाळीस मोटारी, पण दिवस फक्त अकरा. सगळे पाणी येण्याचे, सगळ्या वेळा सकाळच्या. आणि पुष्पाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्या अकराही सकाळी नळाच्या मोटारी शोधणारे पालिकेचे पथक गल्लीत आले होते.

“पथक आलं की आम्ही दारं लावून, आवाज न करता आत बसतो,” पुष्पाबाईंनी सांगितले. “मोटारी भायेर नळाच्या खड्ड्यात ऱ्हात्यात. तासाभरानं दार उघडावं तर मोटार गायब. समदे म्हणत्यात, आपण आत बसलो की तेवढ्यात भारत उचलतो.”

“पथकच नेत असेल, असं कोणाला वाटलं नाही?”

“पथक नेतं तर पावती देतं की न्हाई? आन् पालिका तर म्हणती, गावात मोटारच सापडली न्हाई.”

“पण भारत त्या वेळी कुठे असायचा?”

“कुठं म्हंजे? पाण्याच्या दिवशी कोणाची ना कोणाची मोटार अडकती. त्याला बोलावत्यात. पथक आलं की तो बी त्या घरात कोंडून बसतो. आमची त्यानं नेली न्हाई म्हणून परतेकीला ठावं हाय. बाकीच्यांच्या नेल्या म्हणत्यात.”

कल्याणराव टाळी वाजवणार होते. तेवढ्यात त्यांचे लक्ष कागदाच्या पहिल्या ओळीवर गेले. तिथे लिहिले होते : वायाळ, १, गुढीपाडव्यानंतरचं पाणी.

“आपल्याकडे मोटार होती?”

“मंग वरच्या टाकीत पाणी काय तुमच्या व्याख्यानाला भिऊन चढत व्हतं?”

“आणि त्या दिवशी भारत—”

“आपल्या स्वैपाकघरात पोहे खात व्हता. तुम्ही आतल्या खोलीत पेपर तपासून राह्यलते. फक्त येक हाय,” पुष्पाबाई ताट खाली ठेवत म्हणाल्या, “बायकांना मी शब्द दिलाय. नाव एकीचं बी भायेर जाणार न्हाई.”

सुनावणीला समितीची सगळी मंडळी हजर होती. पालिकेतर्फे पाणीपुरवठ्याचे लिपिक बद्रीनाथ आले होते. कल्याणरावांनी आलेख भिंतीला लावला आणि वीस मिनिटे बोलले. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकले.

“सर, आलेख उत्तम आहे. पण या एक्केचाळीस मोटारी कोणाच्या?”

“नावं गुप्त ठेवण्याचं वचन आहे, मॅडम.”

“मग हा पुरावा कसा? मी तो तपासायचा कुठे? एक तरी मोटारवाला दाखवा, ज्याच्या घरातून ती गेली आणि भारत त्या वेळी कुठे होता हे जो शपथेवर सांगेल.”

कल्याणरावांनी मागे वळून पाहिले. राधेश्याम बूट पाहत होते. गिरधारीलाल यांनी पंख्याकडे नजर लावली होती, जणू तो आत्ताच बसवला होता. पलीकडे भारत उभा होता. त्याच्या हातातली नोटीस घडीवर फाटली होती. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणारा माणूस भाताच्या एका शितावर पंगत उठवतो, असे कल्याणराव तीस वर्षे वर्गात सांगत आले होते.

“पहिली मोटार माझी,” ते म्हणाले. “ती बेकायदा होती. ती गेली तेव्हा भारत माझ्या स्वयंपाकघरात पोहे खात होता.”

“दोन डाव,” मागून पुष्पाबाई म्हणाल्या. “वरून शेव घेतली.”

भारतला कंठ फुटला. “मॅडम, ती मोटार माझ्याच दुकानात हाय. खंडेनवमीला वहिनींनी लावलेलं हळदीकुंकू तिच्या अंगावर आजून हाय. पालिकेच्या लिलावात घेतली मी. आधी बोललो असतो तर वहिनींचं नाव फुटलं असतं. ही पावती.”

पावतीवर लिहिले होते : जुने भंगार लोखंड. मॅडमनी ती बद्रीनाथपुढे धरली.

“हे लोखंड कुठून आलं?”

“गोदामातून, मॅडम.”

“म्हणजे तुम्ही मोटारी जप्त केल्या?”

“न्हाई मॅडम, गाव मोटारमुक्त हाय.”

“मग ही मोटार?”

“मॅडम,” बद्रीनाथ हळुवारपणे म्हणाले, “आपण उचलली की ती मोटार ऱ्हातच न्हाई. लोखंड होतं.”

मॅडमनी पेन खाली ठेवले, पुन्हा उचलले आणि तडीपारीचा प्रस्ताव फेटाळला. जप्ती केली तर यापुढे पावती द्यावी, असेही त्यांनी पालिकेला लिहिले. पालिकेने उलट टपाली कळवले, की गाव मोटारमुक्त असल्याने पावतीचा प्रश्न उद्भवत नाही.

अपवाद होता तो एका घराचा. गावातला एकमेव मोटारधारक स्वतःहून कबूल झाल्यामुळे पालिकेने कल्याणरावांचा नळ सहा महिन्यांसाठी तोडला. गल्लीने हळहळ व्यक्त केली. “कबूल कशाला केलं, प्रोफेसरसाब?” गिरधारीलाल कळवळून म्हणाले. “चिंचोका होता की हातात!” मात्र पुढच्या पाण्याला त्यांच्या कुंपणावरून एक निळा पाइप आला आणि पाइपामागून आवाज आला, “टाकी भरून घ्या. पन आमचं नाव लिवू नका.” थोड्या वेळाने राधेश्याम यांच्या भिंतीवरून दुसरा पाइप आला. नाव न लिहिण्याची विनंती त्याच्यासोबतही होती.

त्याच सकाळी कल्याणराव ओट्यावर वही घेऊन बसले होते. भारत शेजारी बसून पुष्पाबाईंनी दिलेला चहा पीत होता. एवढ्यात कोणीतरी ओरडले, “पथक आलं!” पाइप सापासारखे सरसरत मागे गेले. चौसष्ट दारांपैकी त्रेसष्ट बंद झाली. गाडी आली, माणसे उतरली, त्यांनी खड्ड्यांतून पाच मोटारी काढून गाडीत घातल्या आणि ओट्यावरच्या दोघांना नमस्कार करून ती गेली.

तासाभराने दारे उघडली. गिरधारीलाल यांनी आपला खड्डा पाहिला आणि ते रागाने ओट्याकडे आले. भारत तिथेच, हातात कपबशी.

“पथकानं नेल्या,” कल्याणराव म्हणाले. “आम्ही दोघांनी पाहिलं. सुनावणीतही तेच सिद्ध झालं.”

“ते जुन्या मोटारींचं. या नव्या हायेत,” गिरधारीलाल म्हणाले. “जुना नमुना नव्याला लावू नये, हे तुमचंच म्हननं.” त्यांनी भारतकडे पाहिले. पण ओट्यावर बोलत बसलेला भारत तासभर सगळ्यांना बंद दारांतून ऐकू येत होता. मग त्यांची नजर हळूहळू सरकली आणि कल्याणरावांवर स्थिरावली. मोटार कबूल केलेला माणूस. घरात नळ नसलेला माणूस. पथक आले असता दार लावून न घेणारा माणूस. मागे जमलेली गल्लीही तिकडेच पाहू लागली.

“पाच वाजता बैठक घ्यावी लागंल,” कोणीतरी म्हणाले.

भारतने बशी खाली ठेवली. तो उठला आणि कल्याणरावांच्या पुढे उभा राहिला.

“पुरावा काय, शेठ?”

गिरधारीलाल यांनी आकाशाकडे पाहिले आणि ते आपल्या रिकाम्या खड्ड्याकडे वळले. पाच वाजताची बैठक झाली नाही.

तीस वर्षांत आपला एक विद्यार्थी पास झाला, असे कल्याणरावांना वाटले. पण एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, म्हणून त्यांनी ते मनातच ठेवले. कुंपणावरून निळा पाइप पुन्हा हळूच आत आला होता. त्यांनी तो टाकीत सोडला आणि वही मिटून घरात गेले.